सालारजंग: वारस नसलेल्या माणसाचा वारसा

आमची शाळा सिल्लोडकडची. सहल हैदराबादला गेली, तेव्हा सालारजंग म्युझियममध्ये मुलांचा सगळा जीव त्या घड्याळात. तास भरला की छोटा दाढीवाला बाहुला बाहेर येतो आणि टोले देतो. टोले संपल्यावर सातवीतल्या एकानं विचारलं, "सर, हे सगळं नवाबाचं ना? मग आपल्याला कसं बघू देतात?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला पिढ्या मागे जावं लागतं.

पहिले सालारजंग, मीर तुराब अली खान, १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षं निजामाचे दिवाण होते. संगमरवरी चेहऱ्यावर पातळ ओढणी भासावी असा बेन्झोनीचा रिबेकाचा पुतळा त्यांनीच १८७६ साली रोममध्ये घेतला. त्यांचे नातू मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, १८८९ साली पुण्यात जन्मले. महिन्याभरातच वडील वारले. १९१२ मध्ये हेही दिवाण झाले, पण दोनच वर्षांत पद सुटलं. पुढचं आयुष्य आणि जहागिरीचं उत्पन्न त्यांनी हस्तिदंत, चिनी मातीची भांडी, चित्रं, शस्त्रं आणि पोथ्या जमवण्यात घालवलं. लग्न केलं नाही. १९४९ मध्ये ते गेले, तेव्हा मागे वाडाभर वस्तू होत्या आणि पोटचा वारस नव्हता.

संग्रह लिलावात फुटला असता. तसं झालं नाही. सरकारी समितीनं तो त्यांच्याच दिवाण देवडीत मांडला आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंनी तो लोकांसाठी खुला केला. पुढे नातेवाइकांशी तडजोड होऊन तो भारत सरकारकडे आला. १९६१ च्या कायद्यानं त्याला राष्ट्रीय महत्त्व मिळालं, आणि १९६८ मध्ये तो मुसीकाठच्या आजच्या इमारतीत गेला.

मी उर्दू शिकवतो, म्हणून माझे पाय तिथल्या ग्रंथालयाकडे वळतात. अरबी, फारसी पोथ्यांच्या सोबतीला तिथे दखनी पोथ्याही आहेत. दखनी बोलणारा वाक्यात ठासून 'च' लावतो, तो मराठीतूनच घेतलेला. तिथे मला परकं वाटत नाही.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, "बाळा, आपलं अजिंठा गाव सालारजंगांच्या जहागिरीत होतं. तिथल्या शेतकऱ्यानं भरलेला साराही या वस्तूंत आहे. तू इथे पाहुणा नाहीस."

तो पुन्हा घड्याळाकडे धावला. पुढचे टोले पडायचे होते.