मागच्या आखाचा मागोवा

क्वाड बाईक म्हटलं की आपल्याकडे नागाव किंवा काशिदचा किनारा आठवतो. ओल्या वाळूवर गरगर फिरणाऱ्या फुगीर टायरच्या गाड्या, पाच-दहा मिनिटांची चक्कर आणि मागून ओरडत धावणारा गाडीवाला. तुळजापूर त्या समुद्रापासून फार लांब, बालाघाटच्या डोंगरावर. तरीही मला वाटतं की ही गाडी उघडून दुरुस्त करायची आणि तिच्यात फेरफार करायचा तर त्याला लागणारी समज किनाऱ्यापेक्षा इथे जास्त सापडेल. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तुळजापुरावरून जातो आणि लातूर-नांदेडमार्गे नागपूरला जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग इथेच त्याला मिळतो. देवीच्या दर्शनाला येणारी वाहनं, ऊस आणि सोयाबीन वाहणाऱ्या ट्रॉल्या, गावोगावच्या काळ्या-पिवळ्या जीपा आणि रिक्षा. अशा रस्त्याकडेला वेल्डिंगची, लेथची, पंक्चरची आणि ट्रॉली बांधायची दुकानं असतातच. क्वाडचं कूळ शोधायचं तर अशाच दुकानात खाली बसून मागच्या आखाकडे बघायला हवं.

बैलगाडीचा आख ज्यानं पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. आख जागच्या जागी असतो आणि दोन्ही चाकं त्याच्यावर आपापली फिरतात. गाडी वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी, आणि कुणाचं कुणाला अडत नाही. खेळाच्या क्वाडमध्ये उलट असतं. तिचा मागचा आख म्हणजे एक सलग पोलादी दांडा. त्याच्या मधोमध चेनचं स्प्रॉकेट आणि दोन्ही टोकांना घट्ट बसवलेली चाकं. आख फिरला की दोन्ही चाकं सारखीच फिरतात. मोटारीत दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शिअल असतो, तसा इथे नाही. वळताना दोहोंपैकी एका चाकाला घसरावंच लागतं. वाळूवर, शेतात, मुरमाच्या माळावर ते मुकाट्यानं घसरतं. डांबरावर टायर जमीन धरून ठेवतो. मग गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ पाहते, नाहीतर एक बाजू उचलते.

हा सलग आख आला कुठून? १९६० च्या दशकाच्या शेवटी होंडाच्या अमेरिकेतल्या मंडळींपुढे एक साधी व्यापारी अडचण होती. हिवाळ्यात मोटरसायकली विकल्या जात नव्हत्या. बर्फात आणि चिखलात चालेल असं काहीतरी द्या, अशी मागणी जपानला गेली. ओसामू ताकेउची या अभियंत्यानं दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंतच्या वेगवेगळ्या रचना करून पाहिल्या आणि लहान इंजिनाला तीन चाकं सर्वांत सोयीची ठरली. १९७० मध्ये 'यूएस ९०' विक्रीला आली. पुढे तिचं नाव 'एटीसी ९०' झालं. ८९ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, सात हॉर्सपॉवर, किंमत ५९५ डॉलर. मागे हाच सलग आख, आणि शॉकअप नव्हतेच. २२ इंची फुगीर टायरांत अगदी कमी हवा भरायची आणि धक्के त्यांनीच झेलायचे. पुढच्याच वर्षी जेम्स बॉण्डच्या 'डायमंड्स आर फॉरेव्हर'मध्ये ती दिसली आणि घरोघरी पोहोचली.

इथे एक नातं सांगायलाच हवं. होंडाचं ते आडवं, एका सिलिंडरचं छोटं इंजिन १९५८ च्या सुपर कबपासून सुरू झालेल्या घराण्यातलं. त्याच घराण्यातून १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि तिच्या मागोमाग १९९४ मध्ये स्प्लेंडर. आज आपल्याकडे येणाऱ्या छोट्या चिनी क्वाडमध्ये ११० सीसीचं जे आडवं इंजिन असतं तेही याच कुळाची नक्कल. म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात स्प्लेंडरचा हेड उतरवून वॉल्व्ह बसवणाऱ्या पोरानं पहिल्यांदाच क्वाड पाहिली, तरी इंजिन त्याला परकं वाटायचं कारण नाही. त्याला अडेल ते मागे, आखाशी.

तीन चाकांवर चौथं चढवलं सुझुकीनं. १९८३ च्या मॉडेलची 'क्वाडरनर एलटी १२५' ही बाजारातली पहिली चारचाकी एटीव्ही, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारी गाडी, मानली जाते. ती कामाची गाडी होती आणि तिला रिव्हर्स गिअरही होता. दोनच वर्षांत, १९८५ ला, सुझुकीनंच 'क्वाडरेसर एलटी २५० आर' काढली आणि खेळाची क्वाड जन्मली. ८६ ला होंडाची 'टीआरएक्स २५० आर' आणि ८७ ला यामाहाची 'बॅन्शी' आली. या बॅन्शीवर माझा जरा जास्त जीव आहे. तिचं ३४७ सीसीचं, दोन सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन यामाहाच्या आरझेड ३५० या मोटरसायकलीतून घेतलेलं. त्या वंशातली जुनी, हवेवर थंड होणारी आरडी ३५० म्हणजेच १९८३ पासून एस्कॉर्ट्सनं फरिदाबादेत बनवलेली आपली राजदूत ३५०. पोर्ट घासणं, एक्स्पान्शन चेंबर बदलणं, कार्ब्युरेटरचा जेट वाढवणं ही राजदूतवाल्यांची सगळी विद्या अमेरिकेत बॅन्शीवाले वाळूच्या डोंगरांवर वापरत होते. एकाच घरची दोन भावंडं दोन खंडांत सारख्याच हातांनी सजवली जात होती.

पण त्याच काळात अपघातही वाढले होते. तीनचाकी गाड्यांवर अनेक मुलं दगावली. सलग आख आणि पुढे एकच चाक, अशी गाडी दुचाकीसारखी झुकवूनही वळत नाही आणि मोटारीसारखी बसूनही वळत नाही. अंग वळणाच्या आत न्यायचं, जोर मात्र बाहेरच्या पायावर द्यायचा, म्हणजे आतलं चाक हलकं होऊन घसरतं, हे शिकावं लागतं. ते कुणी शिकवलंच नव्हतं. १९८८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाशी कंपन्यांचा न्यायालयीन करार झाला. त्यानुसार नव्या तीनचाकींची विक्री थांबली आणि चारचाकी घेणाऱ्याला प्रशिक्षण देणं कंपन्यांवर आलं. क्वाड टिकली ती या करारानंतर.

आता आपल्या बाजूचं कूळ बघू. तीन-चार चाकांवर छोटं इंजिन बसवायची परंपरा महाराष्ट्रात क्वाडपेक्षा जुनी आहे. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली आणि जर्मन परवान्याची तीनचाकी 'हॅन्सिएट' रस्त्यावर आली. आपण आजही मालवाहू गाडीला 'टेम्पो' म्हणतो तो तिच्यापासूनच. तिचं टू-स्ट्रोक इंजिन पुढच्या एकुलत्या चाकाला ओढायचं. मागची चाकं बैलगाडीसारखी मोकळी, त्यामुळे वळायची अडचण मुळातच नव्हती. नंतरच्या रिक्षांत इंजिन मागे गेलं. एकाच डब्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल बसले. हा डबा म्हणजे आपल्या फॅब्रिकेशनवाल्यांना मिळालेलं सोनंच, कारण त्यात रिव्हर्सही आहे आणि दोन्ही चाकं वेगवेगळी फिरायची सोयही.

शेतासाठी असाच फेरफार शेजारच्या गुजरातेत झाला. अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगानींनी १९९४ मध्ये 'बुलेट सांती' बनवली. एनफिल्ड बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा आख आणि अवजारं जोडायची पट्टी बसवली. नांगरणी, पेरणी, कोळपणी सगळं एकाच गाडीवर. दुष्काळात बैल पोसणं परवडत नव्हतं, त्यातून हे सुचलं. पुढे तिला अमेरिकेचं पेटंटही मिळालं. मराठवाड्याची गरज याहून वेगळी नाही. दीड-दोन फुटांवरच्या सोयाबीनच्या ओळींतून कोळपं ओढायला बैलजोडी कमी आणि मजूर महाग, म्हणून जुन्या मोटरसायकलीला मागे दोन चाकं लावण्याचे प्रयोग आपल्याकडेही होत राहतात. माझ्या लेखी क्वाडचे खरे सख्खे तेच.

हे प्रयोग शेतापुरतेच नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या अखेरीस तिची चित्रफीत सगळीकडे फिरली आणि उद्योगपती आनंद महिंद्रांनी ती घेऊन त्यांना बदल्यात बोलेरो दिली. अभियांत्रिकीच्या मुलांचंही असंच. स्वतः गाडी बनवून पळवायच्या, २००७ पासून भरणाऱ्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेत ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या दहा हॉर्सपॉवरच्या इंजिनामागे कितीतरी संघांनी महिंद्रा अल्फा या तीनचाकीचा गिअरबॉक्स जोडला. तयार मिळतो, स्वस्त पडतो आणि डिफरन्शिअलसकट येतो. मोटरसायकलीच्या ताकदीची चारचाकी कारखान्यातून बाहेर पडली ती तर मराठवाड्यातच. २१६ सीसीची बजाज क्यूट वाळूजला बनली आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात विक्रीला आली.

आणखी एक गाडी आपण रोज पाहतो आणि तिला या कुळात धरत नाही. दिव्यांग व्यक्तीसाठी दोन्ही बाजूंना चाकं लावलेली स्कूटर. चार चाकं, स्कूटरचं इंजिन आणि फेरफार करणारा गल्लीतला फॅब्रिकेटर. तिची बाजूची चाकं मात्र आपापल्या छोट्या आखावर मोकळी फिरतात आणि ढकलतं फक्त मधलं चाक. ज्यानं ही जोडणी कधी नीट केलीय त्याला क्वाडच्या आखातली गोम समजावून सांगायला वेळ लागणार नाही.

दुरुस्तीचंही तसंच. खेळाची क्वाड दुकानात आली की आधी मागची बाजू जॅकवर उचलावी आणि चेन हातानं घट्ट धरून एक चाक फिरवावं. आख सलग असेल तर चाक हलणारच नाही. डिफरन्शिअल असेल तर दुसरं चाक उलट फिरेल. घरच्या घरी बनवलेल्या गाडीत काय बसवलंय ते एवढ्यावरून कळतं. मग चाकाला वरून आणि खालून धरून हलवायचं. 'प्ले' लागला तर आखाच्या बेरिंगपासून सुरुवात. आखाची दोन बेरिंग एका नळकांड्यात बसतात, त्यांच्या सीलमधून पाणी शिरलं की ग्रीस दुधाळ होतं आणि बेरिंग कुरकुरायला लागतं. किनाऱ्यावरच्या गाड्यांचं दुखणं बहुतेक इथूनच सुरू होतं, कारण खारं पाणी आणि वाळू दोन्ही तिथेच साचतात. बऱ्याच गाड्यांत हे नळकांडं मुद्दाम केंद्रापासून बाजूला बसवलेलं असतं. ते थोडं फिरवलं की आख मागे सरकतो आणि चेन ताणली जाते. ती ताणायची ती माणूस वर बसलेला असताना, नाहीतर शॉकअप दबल्यावर चेन जास्तच घट्ट होते आणि आधी बेरिंग खाते. शेवटी पुढच्या दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून फीतपट्टीनं मोजायचं आणि टाय रॉडनं जुळवून घ्यायचं.

फेरफार करताना सगळ्यांचा हात आधी सायलेन्सरकडे जातो, कारण आवाज येतो. मोकळा सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टर लावून जेट तसाच ठेवला तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं, इंजिन तापतं आणि टू-स्ट्रोक असेल तर पिस्टन जाम होतो. माझ्या मते पहिला पैसा आखावर घालावा. लांब आख घेतला की गाडी रुंद होते आणि पलटी व्हायचा धोका कमी होतो. त्याऐवजी नुसते स्पेसर ठोकले तरी रुंदी मिळते, पण चाकाचा जास्तीचा ताण हबच्या बोल्टांवर पडतो.

हे सगळं शेतात, माळावर किंवा खाजगी जागेत. खेळाच्या क्वाडला आरटीओत पासिंग नाही. रस्त्यावरच्या गाडीची कंपनीनं ठरवलेली मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची आडकाठी आहे आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. सलग आखाची गाडी डांबरावर कशी वागते हे पाहता ते रास्तच आहे.

तुळजापुरात मंदिर संस्थानानं उभारलेलं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या प्राध्यापकांना आणि आयटीआयच्या निदेशकांना माझी विनंती आहे. महामार्गालगतच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलवा, एक जुनी रिक्षा आणि एक सलग आख शेजारी शेजारी उचलून ठेवा आणि मुलांना दोन्हींची चाकं हातानं फिरवायला लावा. आणि शेतासाठी अशी गाडी बनवून घेणाऱ्यांना एवढंच सांगणं की पैसे देण्याआधी कारागिराला मागच्या आखाबद्दल विचारा, आणि लहान मुलाच्या हाती ती गाडी कधीच देऊ नका.