सातशेचा आकडा : बेंगळुरूचा 1990 चा विमान अपघात

बेंगळुरूच्या जुन्या विमानतळाची धावपट्टी पूर्वेला मारतहळ्ळीच्या बाजूस संपते. पश्चिम टोकाअलीकडे गोल्फचे मैदान आहे. 14 फेब्रुवारी 1990 रोजी दुपारी एकच्या सुमारास मुंबईहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे 605 क्रमांकाचे उड्डाण धावपट्टीऐवजी या मैदानावर टेकले, पुढच्या बांधावर आदळले आणि पेटले. 146 पैकी 92 जण मृत्युमुखी पडले. हवा स्वच्छ होती. विमान होते नवेकोरे ए320, आणि इंजिनांत बिघाड नव्हता.

मग झाले काय? उत्तर नोंदयंत्रातील वेगाच्या आलेखात होते. अपेक्षित वेग 132 नॉट. प्रत्यक्षात तो सुमारे 25 नॉटांनी घसरला होता.

हिशेब साधा आहे. तीन अंशांच्या उतारावर गुरुत्वाकर्षण विमानाला वजनाच्या एक-एकोणिसांश बळाने पुढे ओढते. चाके व फ्लॅप बाहेर असताना हवेचा रोध वजनाच्या एक-अष्टमांशाच्या आसपास धरला, तर उरलेली तूट इंजिनांनी भरायची असते. ती भरली नाही, तर वेग दर सेकंदाला साधारण 1.4 नॉटने घटतो. 25 नॉट गमवायला जेमतेम 18 सेकंद पुरतात. नाक वर उचलून उतार सांभाळला, की रोध आणखी वाढतो.

इंजिने मंद होती, कारण संगणक ‘ओपन डिसेंट’ या अवस्थेत होता. या अवस्थेत रेटा किमान राहतो आणि वेग नाकाच्या कोनाने राखायचा असतो. दोनपैकी एक फ्लाइट डायरेक्टर चालूच राहिल्याने संगणक वेग राखण्याच्या अवस्थेत परतला नाही. एक तर्क असा, की मिनिटाला 700 फूट हा उतरण्याचा दर देताना चुकून उंचीची कळ फिरली आणि 700 फूट ही उंची निवडली गेली. धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे 2,900 फुटांवर. म्हणजे लक्ष्य जमिनीच्या पोटात!

न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशीने वैमानिकांवर ठपका ठेवला : ‘चारशे’ची सूचना ऐकूनही त्यांनी तत्काळ रेटा वाढवला नाही. ती अवस्था कशामुळे लागू झाली, हे मात्र ठरवता आले नाही. कळांच्या रचनेचा प्रश्न त्यामुळे मिटला असे म्हणता येत नाही.

रेटा अखेर पूर्ण दिला गेला. पण जेट इंजिनाला मंद गतीतून पूर्ण शक्तीवर यायला काही सेकंद लागतात. ती वेग घेत असतानाच चाके मैदानाला लागली.