पिंजारी, नदाफ, मन्सुरी

पोलीस जंगल ‘पिंजून काढतात’ असे मराठी वर्तमानपत्रे नेहमी लिहितात. ही क्रिया मूळची आमच्या घरातली, म्हणजे कापूस पिंजणाऱ्यांच्या. आमच्यातले खानदेशकडचे लोक पिंजारी आडनाव लावतात, कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडचे आम्ही नदाफ, आणि उत्तरेतून मुंबईत आलेले बरेचसे मन्सुरी. धंदा एकच. तरी सोयरीक जुळवताना “ते पिंजारी, आपण नदाफ” म्हणणारी वडीलधारी माणसे मी पाहिली आहेत.

गंमत अशी की नदाफ म्हणजे तरी काय? अरबीत ‘नद्दाफ’ म्हणजे कापूस पिंजणारा. पिंजारी हा शब्द ‘पिंजणे’पासून आला, आणि त्याची मुळे संस्कृतात आहेत. आंध्र-तेलंगणात याच लोकांना दुदेकुला म्हणतात. तेलुगूत ‘दूदि’ म्हणजे कापूस. शब्द बदलला, धनुकली तीच राहिली.

मन्सुरीची गोष्ट थोडी वेगळी. हे नाव सांगते ते हुसेन बिन मन्सूर अल-हल्लाज या सूफीशी. ‘अनल हक’ म्हटल्याबद्दल ज्यांना सूळ मिळाला असे आपण ऐकत आलो, तेच हे, बगदादमध्ये इ. स. ९२२ साली त्यांना ठार केले गेले. ‘हल्लाज’ म्हणजेही कापसातून सरकी काढणारा, पिंजणारा. त्यांनी नुसती खूण केली आणि सरकी कापसापासून आपोआप वेगळी झाली, अशी कथा सूफी चरित्रांत येते. खरे तर मन्सूर हे त्यांच्या वडिलांचे नाव. पण लोकांच्या तोंडी मुलगाच मन्सूर झाला, आणि हातावर पोट असलेल्या कारागिरांना एक वली पूर्वज मिळाला. या वंशावळीला पुरावा नाही. मला ती तरीही प्रामाणिक वाटते, कारण तिने धंदा लपवला नाही.

लपवणे नंतर सुरू झाले. सरकी काढण्याचे, पिंजण्याचे कारखाने आले, पुढे फोमच्या गाद्या आल्या, आणि खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव फिरणारा माणूस मागे पडला. खरे म्हणजे त्याच्यावाचून खादीचेही अडले होते. सूत कातायला पेळू हवेत आणि पेळूला पिंजलेला कापूस. गंगाबेनने शोधून आणलेल्या पिंजाऱ्याने महिना ३५ रुपये मागितले आणि गांधीजींना ती रक्कम जड वाटली नाही, हे त्यांच्या आत्मकथेत आहे. गावात मात्र आमच्या कामाला तेवढा मान नव्हता. केसांत, भुवयांत कापूस अडकलेला बाप मुलांना नको वाटे. शिकलेल्या पिढीने दाखल्यावर ‘शेख’ लिहिले. शेख म्हटले की धंदा कोणी विचारत नाही.

आता तोच धंदा सिद्ध करावा लागतो. महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद लागते. आमच्या घरात एका चुलत्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जात ‘मुसलमान’ आणि आडनाव शेख. इस्लामात जात नाही, म्हणून मास्तरांनी तसे लिहिले आणि आजोबांनी अभिमानाने अंगठा दिला. पुढे नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना या दोन शब्दांनी अडवले. शेवटी तहसिलीतल्या जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरात खापरपणजोबांची मोडीतली एक ओळ सापडली. नावापुढे ‘पिंजारी’.

कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, “तुम्ही तर नदाफ. मग हे पिंजारी कोण?”

वर लिहिलेले सगळे मी त्याला तोंडी सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “हे अर्जात लिहून द्या.”