जुन्या गिरणीपासून कुंभारीपर्यंत

1877 साली सोलापुरात पहिली कापड गिरणी, म्हणजे आपली ‘जुनी गिरणी’, सुरू झाली. तेलंगणातील आपले विणकर पूर्वज पोटापाण्यासाठी येथे आले व गावाच्या पूर्व भागात बिऱ्हाडे करून राहिले. एकाच खोलीत संसार, माग आणि विड्यांचे सूप! 1963 च्या सुमारास ती गिरणी बंद पडली. वस्ती मात्र वाढतच राहिली.

1991 च्या शिरगणतीत सुमारे 6 लाखांचे असलेले शहर 2001 मध्ये 8 लाख 72 हजारांवर गेले. ही सारी भर नव्या माणसांची नव्हे. 1992 च्या हद्दवाढीने शेळगी, बाळे, मजरेवाडी ही गावेच शहरात आली. हद्द कागदावर एका दिवसात वाढते. नळ, गटारे व रस्ते तेथे पोहोचण्यास वर्षे लागतात.

शहरात जागा न परवडणाऱ्या विडी कामगार भगिनींनी संघटित लढा देऊन हद्दीबाहेर कुंभारी येथे घरकुले मिळविली. कॉ. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची 10 हजार घरांची ती वसाहत 2006 साली त्यांच्या हाती आली. आम्ही शिकविलेली कित्येक मुले भाड्याच्या खोलीत आईच्या सुपाशेजारी बसून अभ्यास करीत. म्हणून ज्ञातिबांधवांस एकच विनंती : आपले घर कोणाच्या बोटांच्या कष्टांतून उभे राहिले, हे नातवंडांस अवश्य सांगावे.