हिब्रूंचा कायदा आणि एक मोडलेलें वचन

प्राचीन राष्ट्रांचे कायदे वाचूं लागलें म्हणजे त्यांतील शिक्षांकडे आपलें लक्ष प्रथम जातें. परंतु एखाद्या समाजाची खरी पारख करावयाची असेल, तर ज्याच्या बाजूनें बोलणारा कोणी नाहीं, त्याच्याविषयीं त्याचा कायदा काय म्हणतो हें पाहावें, असें आम्हांस वाटतें. प्राचीन हिब्रू लोकांच्या धर्मशास्त्राकडे आम्ही येथें याच दृष्टीनें पाहणार आहों.

इ. स. १९०१-०२ च्या हिवाळ्यांत इराणांतील सुसा येथें फ्रेंच संशोधकांस बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचा शिलास्तंभ सांपडला. हा राजा इ. स. पूर्वी अठराव्या शतकांतला. त्याचे कायदे व हिब्रूंचे कायदे कित्येक ठिकाणीं इतके जुळतात कीं, दोहोंच्या मागें पश्चिम आशियाची एक सामाईक न्यायपरंपरा असावी, हें उघड दिसतें. डोळा फोडणाऱ्याचा डोळा फोडावा, हा न्याय दोहोंकडे आहे. कर्जापायीं दास्यांत दिलेल्या बायकामुलांस हम्मुराबी चौथ्या वर्षीं मुक्त करवितो. हिब्रू शास्त्र आपल्या जातभाई दासाला सातव्या वर्षीं सोडावयास सांगतें. येथें बाबिलोनच अधिक उदार, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

पण पळून आलेल्या गुलामाचा प्रश्न घ्या. त्याला घरांत लपविणाऱ्यास हम्मुराबी देहान्त शासन सांगतो. उलट ‘अनुवाद’ ग्रंथाची आज्ञा अशी कीं, आश्रयास आलेल्या दासाला त्याच्या धन्याच्या स्वाधीन करूं नये, त्याला रुचेल त्या ठिकाणीं राहूं द्यावें. ‘निर्गम’ ग्रंथाप्रमाणें दासाचा डोळा फोडणाऱ्या किंवा दांत पाडणाऱ्या धन्यास त्याला मुक्त करावें लागे. आपणही मिसर देशांत दास होतों, ही आठवण हें शास्त्र वारंवार करून देतें. अर्थात् हा दयाभाव सर्वत्र सारखा नव्हता. परकी दास वंशपरंपरा बाळगण्यास ‘लेवीय’ ग्रंथाची मुभा होती.

आतां हा कायदा पाळला जात होता काय? याचें उत्तर यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथांत आहे. इ. स. पूर्वी ५८८ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्यानें यरुशलेमला वेढा घातला. संकट दारीं येतांच राजा सिद्कीया व धनिक लोक यांनीं मंदिरांत शपथ वाहून आपल्या हिब्रू दासदासींस मुक्त केलें. इतक्यांत मिसरचें सैन्य येत असल्याची वार्ता आली आणि वेढा उठला. भय सरलें, तशी शपथही सरली! त्याच माणसांस धरून पुन्हा दास्यांत घातलें गेलें. यिर्मयानें त्यांचा कडक शब्दांत धिक्कार केला. वेढा पुन्हा पडला, आणि थोडक्याच काळांत नगर, राज्य व मंदिर यांचा नाश झाला.

नगर दासांच्या शापानें पडलें, असें आम्ही म्हणत नाहीं. बाबिलोनचें बळच अफाट होतें. पण राज्य गेल्यावर त्या लोकांनीं जे ग्रंथ जपले, त्यांत उदात्त कायद्याशेजारीं तो मोडल्याची ही लाजिरवाणी कथाही जपली. राजांच्या शिलालेखांत विजयच कोरलेले असतात. आपल्याच पूर्वजांचा अपराध पवित्र ग्रंथांत ठेवून तो पिढ्यान्‌पिढ्या मुलांस वाचावयास देणें, याला निराळें धैर्य लागतें. स्वतःचा इतिहास लिहितांना आम्हां सर्वांनाच त्या धैर्याची गरज आहे.