विजय दिवस

युद्धातील निर्णायक यशाच्या स्मरणार्थ दरवर्षी पाळला जाणारा दिवस. भारतात कोणतेही विशेषण न जोडता ‘विजय दिवस’ म्हटले, की १६ डिसेंबर अभिप्रेत असतो. १९७१ च्या भारत-पाक युद्धात या दिवशी ढाक्याच्या रमणा रेसकोर्स मैदानावर पाकिस्तानच्या पूर्व विभागाचे सेनापती ले. जनरल नियाझी यांनी भारताचे ले. जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यासमोर शरणागतीच्या दस्तऐवजावर सही केली आणि आपले पिस्तूल त्यांच्या हवाली केले. सुमारे ९३,००० जण युद्धबंदी झाले. त्यांत काही नागरिकही होते. बांगलादेशात हाच दिवस ‘बिजय दिबस’ म्हणून राष्ट्रीय सुटीचा असतो. दिल्लीत शहिदांना पुष्पचक्र वाहिले जाते, तर सातारा जिल्ह्यातील कराड येथे लष्करी प्रात्यक्षिकांसह समारोह भरतो. २६ जुलै हा ‘कारगिल विजय दिवस’ १९९९ च्या ‘ऑपरेशन विजय’च्या यशाचा आहे. याच नावाच्या १९६१ च्या कारवाईने गोवा मुक्त झाला. पण १९ डिसेंबरला मात्र ‘गोवा मुक्तिदिन’ म्हणतात, कारण तेथे भर परकीय सत्ता संपल्यावर आहे.

दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीच्या पराभवाचा विजय दिवस पश्चिम युरोपात ८ मे, तर रशियात ९ मे रोजी असतो. १९४५ ची शरणागती ८ मेच्या रात्री उशिरा अमलात आली, तेव्हा मॉस्कोत मध्यरात्र उलटली होती. पुढे या एका तारखेच्या फरकाला राजकीय अर्थही चिकटला. युक्रेनने २०२३ मध्ये ९ मे सोडून ८ मे स्वीकारला.