रेडिओवर माल कुणाचा?



रेडिओवर आपल्या मातीतले किती असावे, हा वाद जुना आहे. १९५२ साली बाळकृष्ण केसकर हे नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत वाजावे, अशी त्यांची इच्छा. सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच झाली. मग झाले काय? लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. गाणी आपलीच, पण ऐकायची परदेशातून! शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली.

पुणे केंद्राने १९५६ साली वेगळी वाट धरली. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे बसवली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास मराठीतून ऐकायचे, मग चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या. उत्तरे पुढच्या कार्यक्रमात यायची. म्हणजे ऐकणाराच कार्यक्रम घडवू लागला.

२००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणात हेच आले. निदान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने करायचे, शक्यतो तिथल्या बोलीत.

पण नुसत्या नियमाने भागत नाही. तुम्ही गप्प बसलात, तर तुमच्या नावाने दुसराच बोलेल. तेव्हा शहापूरच्या शेतकऱ्यांनो, बांधीत तुडतुडा दिसला, तर धानाचे वाण कोणते, रोवणीला किती दिवस झाले, पाणी किती आहे, हे सारे आपल्या बोलीत लिहून पाठवा. तुमचा प्रश्न शेजाऱ्याच्याही कामी येईल.